अधिक महिन्याचं वाण

माझ्या धाकट्या बहिणीला तिचा नवरा मारतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. ती दार्सैतला देवळाजवळच्या इमारतीत राहायची, मी अल हैलला. मस्कतच्या जून महिन्यातही ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून दार उघडायची. एकदा वरच्या ओठाला टाका दिसला. "कपाटाचं दार लागलं," म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या कपाटाला हात फुटलेत का गं?" तिने चहाचं आधण ठेवलं आणि विषय बदलला.

दोन हजार चार साली अधिक श्रावण आला आणि आई पुण्याहून अनारशांचा डबा घेऊन मस्कतला हजर झाली. जावयाचा मान राखला की माणूस निवळतो, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दार्सैतच्या त्या फ्लॅटमध्ये तिने त्याला पाटावर बसवलं, ताम्हनात त्याचे पाय धुतले, पुसले, ओवाळलं. अधिकात लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. पण पाय धुतले गेले ते एकट्या नारायणाचे. लक्ष्मी आत पुऱ्या तळत होती. वाण म्हणून आईने दोघांना जहाजाची सफर दिली. मस्कतहून सलाला आणि परत. "हवापालट होईल, मनं जुळतील," म्हणाली. बायकोची हाडं मोडणाऱ्याला बक्षीस देणारी माणसं जगात फक्त आम्हीच असू, असं मला वाटलं आणि मी ते बोललेसुद्धा. आई म्हणाली, "तुझी जीभ आवर. संसार तिला करायचाय."

डिसेंबरात निघालो. आई पुण्याहून पुन्हा येऊन हट्टाने बरोबर निघाली आणि तिच्या सोबतीला मी. जहाजावर तो भेटेल त्याला सांगायचा, सलालाला रोमन अवशेष बघायचेत. गोऱ्या प्रवाशांत त्याचं इंग्रजी फार गोड व्हायचं.

सलालाच्या बंदरातून बसने आम्हाला सुमहुराम या जुन्या शहराच्या अवशेषांकडे नेलं. समुद्राला लागून खाडी, पाण्याकाठी उंट, आणि टेकाडावर चुनखडीच्या दगडांची पडकी भिंत. वाटाड्या म्हणजे पांढऱ्या दाढीचा एक ओमानी गृहस्थ, हातात वेताची काठी. अरुंद वेशीपाशी थांबून त्याने दगडात कोरलेली जुनी अक्षरं दाखवली. इथला लोबान जहाजांनी दूर रोमपर्यंत जायचा, म्हणाला. तेवढ्यात आमचे जावईबापू पुढे होऊन शेजारच्या गोऱ्या जोडप्याला समजावू लागले, की हे शहर रोमन लोकांनीच बांधलं. धाकटी सहज हसून इंग्रजीत म्हणाली, "अहो, रोमन नाही. शहर इथल्याच लोकांचं. रोमन नुसते गिऱ्हाईक." गोरी बाई खळखळून हसली.

तोही हसला. ते हसणं मी ओळखत होते.

सगळे आतल्या कोठारांकडे सरकले. मी आईला धरून उतरवत होते, तेव्हा मागून धप्प असा आवाज आला, पोतं टाकल्यासारखा. मागे धावले. वेशीच्या वळणात त्याने तिचे केस मुठीत धरले होते आणि डोकं भिंतीवर आपटत होता, एकदा, पुन्हा. तोंडाने ओरडत नव्हता. दात आवळून हळू आवाजात म्हणत होता, "शहाणी. शहाणी." कपाळातून रक्त निघून त्या कोरीव अक्षरांवर ओघळत होतं. ती निसटली, एक चप्पल तिथेच राहिली, खडीवरून एका अनवाणी पायाने धावली आणि पडली. तो तिच्या कुशीत लाथ घालायला गेला.

वाटाड्या धावत आला होता. त्याच्या हातातली काठी मी कधी ओढली, मला कळलं नाही. पहिला फटका धाकटीच्या नवऱ्याच्या पाठीत बसला, दुसरा कानावर. तो वळला तेव्हा तिसरा सरळ तोंडावर हाणला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आजही वाटतं. त्याने माझा गळा धरला. वाटाड्याने त्याला मागून कव घालून ओढलं आणि दरडावलं, "खलास! औरत को मारता है? खलास!"

आणि आई किंचाळली. माझ्यावर. "अगं, जावयावर हात उचलतेस? पाय धुतलेत मी त्यांचे!"

वाटाड्या पोलिसांना बोलावतो म्हणाला. आईने त्याच्यापुढे हात जोडले, "नको बाबा, घर की बात है." बसमध्ये धाकटी माझ्या शेजारी बसली, ओढणी कपाळावर दाबून. एकच वाक्य बोलली. "ताई, आमच्या केबिनला बाल्कनी आहे. मी आज वर गेले तर परत जिवंत खाली येणार नाही."

ते आईनेही ऐकलं. पण ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

बंदरावर बस थांबली. समोर जहाजाची शिडी. तो रुमालाने कान पुसत उभा राहिला आणि गोड आवाजात म्हणाला, "चला, आई. चहाची वेळ झाली." धाकटीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. आई पुढे गेली. मला वाटलं, लेकीला आता स्वतःच्या हाताने वर चढवणार.

आईने वाकून त्याच्या बुटांना हात लावला. "जावईबापू, थोरलीचं मनावर घेऊ नका. ती पहिल्यापासून आगाऊ. पण जखम खोल आहे हो. जहाजावरचा डॉक्टर लिहून घेईल, चौकशा करेल, तुमचं नाव खराब होईल. बाहेर एखादा आपला मलबारी डॉक्टर बघते, टाके घालून आणते. तिथे पासपोर्ट मागतील."

"आई, लाज वाटत नाही का तुला?" मी भर धक्क्यावर ओरडले.

"तू गप्प बस," आई म्हणाली.

त्याने क्षणभर विचार केला. पण जी बाई त्याला पाटावर बसवून पाय धुते, ती फसवेल हे त्याच्या डोक्यात कुठून येणार? कमरेच्या पाऊचमधून त्याने धाकटीचा पासपोर्ट आणि रेसिडेंट कार्ड काढून आईच्या हातात दिलं. "लवकर या," म्हणाला आणि शिडी चढून गेला.

टॅक्सीत बसल्यावर आईने दोन्ही वस्तू माझ्या पर्समध्ये कोंबल्या. "सांभाळ. आधी दवाखाना, मग विमानतळ. पुण्याला घेऊन जाते हिला." मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण रागही पुरता गेला नव्हता.

टाके घालून झाले. दवाखान्याच्या पायरीवर टॅक्सीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा बंदराकडून जहाजाचा भोंगा ऐकू आला. धाकटी दचकून उभीच राहिली. आईने तिला खाली बसवलं, स्वतः खालच्या पायरीवर उतरली आणि तिचं खडीने फाटलेलं पाऊल मांडीवर घेतलं. बाटलीतलं पाणी ओतून अंगठ्यापासून टाचेपर्यंत रक्त धुतलं, पदराने टिपलं. मग दुसरं पाऊल घेतलं. त्याला तर काही लागलंही नव्हतं.

"श्रावणात तुझे राहिले होते," आई म्हणाली.

"हळू," धाकटी म्हणाली. "झोंबतंय."