सुगंधाचं भांडण

आज टोकावड्याला विशेष मुलांची तपासणी होती. नऊ वर्षांची सुगंधा बोलत नाही. पुढेही बोलेल असं वाटत नाही, हे तिच्या आईला मीच सांगितलं. मानसतज्ज्ञ आहे, सांगावंच लागतं. सवय मात्र होत नाही.

आई रडली नाही. म्हणाली, "ताई, तुमी गोष्टी लिवता ना? मंग एका गोष्टीत तरी हिला बोलती करा."

"काय बोलू दे तिला?"

मला वाटलं, 'आई' म्हणू दे म्हणेल.

"माझ्याशी भांडू दे. शेजारच्या पोरी आयांशी कशा कचाकचा भांडतात! ही नुसती बगत बसते."

शहापूरला घरी आल्यापासून कागद कोराच आहे. भांडण कशावरून लावू, सुचत नाही.

तुमची लेक तुमच्याशी शेवटचं कशावरून भांडली? तेवढं एक भांडण मला द्या.