नावाआधीचं सौ.

नवऱ्याचे दिवस उरकून शाळेत गेले, त्या सकाळी पायरीवरच थबकले. व्हरांड्यात शिक्षकांच्या नावांचा फलक आहे. रंगारी स्टुलावर चढलेला. माझ्या नावाआधीचं ‘सौ.’ त्यानं पांढऱ्या रंगाखाली घालवलं होतं. रंग अजून ओला होता.

खाली मुख्याध्यापक उभे. हात मागे बांधलेले.

"या बाई. वाईट झालं. आता इथे ‘श्रीमती’ घालून घेतो. चार लोक येतात, वाचतात. बरं दिसत नाही."

सही केली, वर्गावर गेले. मी मराठी शिकवते. श्री. म्हणजे श्रीयुत, सौ. म्हणजे सौभाग्यवती, कु. म्हणजे कुमारी, पुढचं टिंब विसरायचं नाही. वर्षानुवर्षं मीच हे फळ्यावर लिहीत आले. त्या दिवशी खडू धरवेना.

शाळा सुटल्यावर रोह्याहून गाडीनं पेणला आले. रामवाडीत घरी आई होती. तिचा जन्म मिठागरावर गेला. बाप मी लहान असतानाच वारला.

म्हटलं, "आये, माझं सौ. पुसलं त्यांनी."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुसू दे गो. मला कंदी कोनी काय लावलं नाय. मुकादम ‘ए बाय’ म्हनायचा. तुज्या लग्नाच्या पत्रिकेत तर माजं नावच नव्हतं. रांडाव बाईचं नाव शुभकार्यात कशाला, म्हनले."

भाजी महागली सांगावं, तसं सांगितलं तिनं. परत सुपात बोटं घातली. मला रडू येईना. नुसता थकवा. तिचा आणि माझा, दोघींचा मिळून.

दुसऱ्या दिवशी रंगारी पेन्सिलीनं ‘श्रीमती’ आखत होता.

"दादा, थांबा," मी म्हटलं.

मुख्याध्यापक केबिनमधून बाहेर आले. त्यांची बायको आदल्या वर्षी कॅन्सरनं गेली. आम्ही सगळे तेव्हा त्यांच्या घरी बसून आलो होतो. फलकावर त्यांचं नाव सगळ्यात वर, आधी होतं तसंच. श्री.

"सर, मॅडम गेल्या तेव्हा तुमच्या नावाआधीचं काय पुसलं?"

त्यांनी फलकावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुरुषांचं वेगळं असतं, बाई."

"मग माझ्या नावाआधी काहीच नको. नुसतं नाव राहू द्या."

"तुम्ही दुःखात आहात. काहीही बोलताय."

"दुःखात आहे. म्हणूनच बोलतेय."

रंगाऱ्यानं आमच्याकडे पाहिलं. डब्याला झाकण लावलं आणि खाली उतरला.

यात मी काही जिंकले नाही. शाळेतल्या हळदीकुंकवाला मला पाहुण्यांसमोर येऊ दिलं नाही, मागच्या खोलीत चहा ओतायला बसवलं. सोबतच्या बाई म्हणतात, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलीस. कधी वाटतं, खरंच, लिहू दे काय लिहायचं ते. रोजची नोकरी, रोजची गाडी. भांडायला अंगात बळ कुठलं आणायचं?

आता संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलंय. माझ्या नावाआधी रिकामी जागा, फलक विचित्र दिसतो म्हणे. सोमवारी जाणार आहे. आवाज चढवणार नाही, तेवढी ताकदही नाही. एवढंच सांगणार की नवरा मेला, ते दुःख माझं आहे. आल्यागेल्यानं वाचावं म्हणून ते भिंतीवर लिहू देणार नाही. प्रकरण नोकरीवर आलं तरी नाही.