वाणाचे बाऊल

अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावचे बाकीचे मराठी लोक कंपनीच्या नोकरीवर आले होते. आम्ही आत्याच्या जिवावर आलो. तिनं कागद केले आणि सांगलीकडचा कारखाना बंद पडल्यावर रिकामे बसलेले बाबा आम्हाला घेऊन निघाले. तिकडे ते फिटर होते, इथे गॅस स्टेशनच्या काउंटरमागे उभे राहायला लागले. पहिल्या हिवाळ्यात आम्हा तिघांत बर्फाच्या बुटांचा एकच जोड होता, बाबांच्या मापाचा. बाबा कामावर नसतील त्या दिवशी मी पुढे मोजे कोंबून तेच बूट घालून शाळेत जायची.

आई पोळ्या करून द्यायची. आयटीतली घरं, एकटे राहणारे मुलगे, सगळ्यांना तिच्या पोळ्या लागत. तिला सगळे 'पोळीवाल्या काकू' म्हणत, आणि तिला ते आवडत नसे. ते पैसे माझ्या कॉलेजचे, असं पहिल्यापासून ठरलेलं होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. खातं बाबांच्या नावावर होतं, कारण आईला बँकेत बोलायची भीती वाटायची.

इंडियानाच्या हद्दीवर नदीत एक कसिनोची, म्हणजे जुगाराची, बोट होती, दोन-अडीच तासांवर. गॅस स्टेशनच्या मालकानं बाबांना एकदा तिथे नेलं. परत आले तेव्हा बाबांच्या शर्टाला एक कार्ड होतं, स्प्रिंगसारख्या दोरीला लटकवलेलं. ते कार्ड मशीनमध्ये खुपसून ठेवायचं आणि खेळायचं. दोरी शर्टालाच अडकवलेली असे, सलाइन लावल्यासारखी. जितकं जास्त खेळाल तितकं कसिनो तुम्हाला फुकट देणार: जेवण, खोली, वस्तू.

"अगं, फुकट आहे सगळं," बाबा म्हणायचे. "खोलीतल्या उशा बघशील तर उठणार नाहीस."

"तुम्ही डबा न्या बरोबर," आई म्हणायची.

"बुफे आहे तिथे! डबा कसला देतेस?"

त्यांना तिथून फोन यायचा. एक गोरी मुलगी त्यांना 'मिस्टर' लावून आडनावानं हाक मारायची, गुडघा कसा आहे विचारायची. गॅस स्टेशनवर त्यांना कोणी आडनावानं हाक मारत नसे. फोन ठेवल्यावर ते थोडा वेळ ताठ बसत. मला तेव्हा बरं वाटायचं, खरं सांगते.

मग काचेचे बाऊल यायला लागले. जाड काच, कडेला सोनेरी रेघ. आईनं ते कपाटात वरच्या फळीवर रचले. बाबा महिन्यातून एखाद्या वेळीच जातात, बाकीचे रविवार डबल शिफ्ट असते, हे तिला माहीत होतं, म्हणजे बाबांनीच तिला सांगितलं होतं. बाऊल एकदम पाच-सहा देतात, असंही त्यांनीच सांगितलं होतं.

मी बारावीत होते त्या संक्रांतीला आईनं हळदीकुंकू करायचं ठरवलं. एरवी ती दुसऱ्यांच्या हळदीकुंकवाला गुळाच्या पोळ्या पोचवून मागच्या मागे परत यायची. या वेळी ती स्वतः बोलावणार होती, आणि वाण देणार होती.

"प्लॅस्टिकचे डबे लुटतात सगळ्या," ती म्हणाली. "मी काच देणार."

शनिवारी बायका आल्या. दाराशी बर्फाच्या बुटांचा ढीग आणि आत काठपदराच्या साड्या. आईनं एकेकीला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि तबकातला बाऊल हातात ठेवला.

"अय्या, काकू, केवढा सुंदर! कुठून आणलात?"

"ह्यांना मिळतात," आई म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

एका काकूंनी बाऊल उलटा केला. खाली बोटीचं चित्र होतं. "अरेच्चा, हा आमच्याकडे पण आहे! ऑफिसची गँग गेली होती ना, यार, तेव्हा आमच्या ह्यांना मिळाला. पण एकच. मी म्हटलं, अहो, सेट तरी आणायचा! तर म्हणे एका खेपेला एकच देतात, दुसरा हवा तर परत या." त्या हसल्या. "तुमचे काका भारी दिसतात हां!"

सगळ्या हसल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं.

आईनं तबकाकडे पाहिलं. इतके वाटले तरी तबक भरलेलंच होतं, आणि स्वयंपाकघरात अजून एक चळत होती. पुढची बाई वाट बघत उभी होती. आईनं तिला हळदकुंकू लावलं, बाऊल दिला. शेवटच्या बाईपर्यंत तिनं सगळं रीतसर केलं.

बाबा कामावरून आले तेव्हा ती साडी न बदलता बसली होती. उरलेले बाऊल तिनं टेबलावर मांडून ठेवले होते.

"ह्या सगळ्या खेपा?"

बाबांनी जॅकेटसुद्धा काढलं नव्हतं. "फुकटच दिलेत गं ते."

"आणि पोरीचं कॉलेज?"

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तिथे मला सर म्हणतात."

खात्यात काही नव्हतं. ज्या युनिव्हर्सिटीचं पत्र मी उशाखाली ठेवून झोपायची, तिथे मी गेले नाही. आईनं माझा हात धरून बँकेत स्वतःच्या नावावर खातं उघडलं.

बाबांनी बोट सोडली, कारण न्यायला काही उरलं नव्हतं. सुरुवातीला फोन येत राहिले. मग कमी झाले. त्यांच्या वाढदिवसाला ती मुलगी दर वर्षी न चुकता फोन करायची. त्या वर्षी सुट्टी घेऊन ते दिवसभर फोनजवळच्या खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी आईनं शिरा केला, तर म्हणाले, "लाइन चालू आहे ना, बघ जरा." मी रिसीव्हर उचलून पाहिला. चालू होती. त्या खोलीचं, उशांचं, बाऊलांचं मोल काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. बाबांना ते आधीच कळलं असावं.

मी साध्या, कमी फीच्या कम्युनिटी कॉलेजात गेले, सकाळी पोळ्या पोचवून, संध्याकाळी दुकानात काम करून. पुढे मोठ्या कॉलेजात बदली घेतली. जास्त वर्षं लागली. पदवीदान समारंभाला आई काठपदराची साडी नेसून आली, बाबा गॅस स्टेशनचा शर्ट बदलून आले. माइकवर माझं आडनाव पुकारलं तेव्हा ते उभे राहिले, आणि बाकीचे बसलेत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

२००८ साली मी ग्रॅज्युएट झाले. आमच्या घरातली पहिली. फी आईच्या पोळ्यांतून आणि माझ्या पगारातून गेली.