आप्पांचा बंद गळ्याचा कोट

चाळिशी ओलांडलेला पुरुष कपड्यांच्या बाबतीत दोनच चुका करतो. एक तर तो स्वतःच्या मुलासारखा दिसायला जातो, नाहीतर स्वतःच्या बापासारखा. हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचो. काही जण चिडून निघून गेले. जे थांबले ते रुबाबदार दिसायला लागले, आणि त्याचं श्रेय मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. कात्री माझी होती.

कोट कापायला मी नांदेडला शिकलो. माझे उस्ताद म्हणायचे, "पेट कू मत छुपा. देखनेवाले की नजर कू छाती पे ले के आ." एवढी एकच गोष्ट शिकवायला त्यांनी तीन वर्षं लावली. मग निलंग्यात बारा वर्षं दुकान चालवलं, आणि लातूर जिल्हा झाला तेव्हा मशीन टेम्पोत टाकून इथे आलो. नवी ऑफिसं, नवे साहेब, तेव्हा आपली चांदी होणार असा माझा हिशेब होता. साहेब निघाले सगळे सफारीवाले, आणि सफारी ते आपापल्या गावाहूनच शिवून आणायचे. पाठोपाठ दुष्काळ पडला. लग्नं पुढे गेली. मी दिवसभर जुन्या पँटी आल्टर करत बसायचो आणि बायकोवर उगाच खेकसायचो.

अशा दिवसांत, संक्रांत होऊन गेल्यावर, आप्पा दुकानात आले. भुसार बाजारातले लिंगायत व्यापारी. वय सत्तेचाळीस, अंगात नेहरू शर्ट, खाली धोतर, डोक्यावर पांढरी टोपी. स्टुलावर बसले.

मग हळूहळू सांगितलं. त्यांचं गाव देवणीकडचं. गावच्या विहिरी आटल्या होत्या. ज्या देवणी जनावरांची सगळीकडे ख्याती, ती हाडं मोजावीत अशी झाली होती. गावाला टँकर पाहिजे होता आणि त्याचा अर्ज घेऊन आप्पा लातुरातल्या एका नव्या ऑफिसात तीनदा जाऊन आले होते. कुठल्या ते मी सांगत नाही. तिन्ही वेळा शिपायानं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. सफारीवाले आले, आत गेले, चहा पिऊन बाहेर पडले. आप्पा संध्याकाळपर्यंत बाकावर.

"मास्तर," ते म्हणाले, "मला कपडे शिवा. आत बसवतील असे."

मी टेप गळ्यात अडकवला. असं माप आजवर कुणी मागितलं नव्हतं.

त्यांना सफारीच हवी होती. मी साफ नाही म्हटलं. "सफारी घातली तर तुमी त्यांच्यातलेच एक दिसाल, आन् ते बी शेवटचे. बंद गळ्याचा कोट शिवतो. गडद राखाडी. पँट सरळ, बेलबॉटमचं नाव काढू नका. काळे बूट, पॉलिश केलेले. घड्याळ हाय ना? मग बाहीच्या बाहेर अर्धं बोट दिसू द्या."

"आन् टोपी?"

"टोपी ऱ्हाऊ द्या. कडक इस्त्रीची. टोपी काढली तर तुमी कोन ते तुमालाच आठवायचं न्हाई."

ते हसले. त्यांच्या भावांनी मात्र भुसार बाजारातल्या दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर चेष्टा केली, या वयात दुसरं लगीन ठरलंय का म्हणून. माप द्यायला आले तेव्हा आप्पांनी ते मला खाली मान घालून सांगितलं. मला त्या भावांचा एवढा राग आला की मी त्याच दिवशी कापड कापलं.

आणि तिथेच चुकलो. ट्रायलच्या दिवशी आप्पांनी कोट अंगात घातला, मी बटणं लावली, दोन पावलं मागे झालो. खांदे झकास. पाठ झकास. छातीवर मात्र दुसऱ्या बटणाच्या खाली एक टेंगूळ. त्यांच्या गळ्यात इष्टलिंग होतं, चांदीच्या करडग्यात, म्हणजे डबीत, ते शर्टाच्या आतून कोटाला पुढे ढकलत होतं आणि बटणपट्टी मासोळीच्या तोंडासारखी उघडत होती.

निलंग्यात बारा वर्षं मी लिंगायतांचे शर्ट शिवले. छातीत बोटभर जास्त सोडायचं हे हातालाच माहीत होतं. पण शर्ट वेगळा. नांदेडचा कोट म्हणजे अंगाबरोबर हवा, या तोऱ्यात मी ते बोट खाऊन टाकलं होतं. वर चूक कबूल करायची सोडून मी म्हणालो, "आप्पा, तेवढं जरा बाजूला सरकवा की. न्हाईतर त्या दिवसापुरतं घरी ठेवा."

आप्पांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मास्तर, हे आधी हाय. कोट नंतर." आणि ते एकेक बटण काढायला लागले.

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. मी त्यांचे हात धरले आणि चार दिवस मागून घेतले.

कोट पूर्ण उसवला. अडचण होती ती आतल्या कॅनव्हासची. छातीचा आकार त्या जाड कापडावरच उभा राहतो, आणि ते आधी पाण्यात भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पुढे आकसून कोट वाकडा होतो. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा. बायकोनं प्यायच्या घागरीतून पाणी काढून परातीत ओतलं आणि म्हणाली, "आधी ह्याला पाजा. मानसं पितील मंग." एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. त्याच पाण्यानं तिनं नंतर भांडी घासली.

डाव्या छातीच्या कॅनव्हासला, बटणांच्या बाजूला, मी करडग्याच्या मापाची गोल पोकळी कापली. तिच्या कडा थर लावून इतक्या उतरत्या केल्या की बाहेरून बोट फिरवलं तरी कळू नये. आत अस्तराला जुन्या मऊ धोतराची गादी शिवली, म्हणजे करडगं छातीत रुतणार नाही. बटणपट्टी बोटभर रुंद केली. उस्तादांनी हे शिकवलं नव्हतं. हे माझं.

आप्पांनी कोट घातला. करडगं शर्टासकट आपसूक पोकळीत बसलं. टेंगूळ गेलं ते गेलंच, वर छाती दोन इंच रुंद दिसायला लागली. आप्पांनी आरशासमोर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळून पाहिलं. मग उजवा हात छातीवर ठेवून म्हणाले, "हितं हाय. लागून बी न्हाई ऱ्हायलं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खडू शोधायला खाली वाकलो.

अर्जाच्या दिवशी त्यांनी मलाही बरोबर घेतलं. ऐन वेळी बटण-बिटण तुटलं तर काय, असं त्यांचं म्हणणं. सुईदोरा खिशात टाकून मी निघालो. व्हरांड्यात तो शिपाई बिडी ओढत होता. आप्पांना बघितलं तशी बिडी विझवली, उठला आणि दार लोटून धरलं. आप्पा आत गेले. त्यांच्यामागून मी पाऊल टाकलं तर शिपायानं हात आडवा घातला.

"तू कुठं? बस तिकडं बाकावर."

मी स्वतःकडे बघितलं. विटका पायजमा. शर्ट दोन गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडांतून जोडलेला, एक बाही पांढरी, दुसरी पिवळट. खिशापाशी दोरे लोंबत होते. वय त्रेचाळीस. आप्पांनी दारातून वळून पाहिलं आणि ते परत फिरणार असं दिसलं. मी हातानं खूण केली, जा म्हणून, आणि बाकावर बसलो.

दार अर्धवट उघडं होतं. साहेबांनी समोरची खुर्ची दाखवली. आप्पा बसले. मला त्यांची पाठ दिसत होती. बसल्यावरही कोटाला खांद्यापासून कमरेपर्यंत एक चुणी नव्हती. मला इतका अभिमान वाटला की त्या शिपायाला ओढून दाखवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी बाकावर बसलेल्या माझ्या अंगाची मला लाजही वाटत होती.

अर्ध्या तासानं आप्पा बाहेर आले. अर्जावर सही होती. सोमवारपासून टँकर जाणार होता. जिना उतरताना ते एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमाला बाहेर ठेवलं त्यांनी."

"चालतं, आप्पा."

"न्हाई चालत," ते म्हणाले.

दुकानात आलो तो सरळ कपाटापाशी गेलो. आप्पांच्याच कोटाच्या ताग्यातलं कापड माझ्याकडे शिल्लक होतं. बायकोला हाक मारली आणि टेप तिच्या हातात दिला. कुणाचं माप, तिनं विचारलं. माझं, मी म्हणालो. तिनं टेप माझ्या छातीभोवती घातला. इतक्या वर्षांत माझं माप कुणी घेतलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही.

"छाती फुगवू नका," ती म्हणाली. "हाय तेवढीच सांगते मी. छत्तीस."

आठ दिवसांनी कोट शिवून झाला. गिऱ्हाइकाच्या कपड्याला त्याच्या नावाची लावतो तशी माझ्या नावाची चिठ्ठी मी त्याला टाचली आणि दुकानात, दारातून दिसेल अशा पहिल्या खुंटीवर तो टांगला.