चौथ्या दिवशी अडलेली पोथी

काचबिंदूने नजर गेल्यापासून तीन वर्षं मी पोथी ऐकलीसुद्धा नव्हती. खरं सांगायचं तर देवावर रुसले होते. यंदा बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयातून आमच्या पोथीचं ध्वनिमुद्रण एका छोट्या कार्डावर मिळालं. मग हातात मावेल एवढ्या वाचनयंत्रावर ते ऐकत सात दिवसांचं पारायण करायचं ठरवलं. "मी वाचून दाखवतो की," असं हे म्हणाले, तर मी त्यांच्यावरच डाफरले. मला कोणाचे उसने डोळे नको होते.

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करून पाटावर बसले, बटण दाबलं आणि यंत्र कोरड्या आवाजात म्हणालं, "फाइल वाचता येत नाही." बंद करून चालू केलं, चार्जिंगला लावलं, कार्ड काढून पुन्हा घातलं. तेच उत्तर. बारा वाजत आले. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत मी भिंती चाचपत नुसती येरझाऱ्या घालत होते. पारायण मोडलं, म्हणजे देवाला माझी सेवा नकोच, असं मनाने घेतलं होतं. "अगं, चहा तरी घे," हे म्हणाले. मी त्यांना गप्प बसवलं आणि मग पाटावर बसून रडले.

तेवढ्यात फोन वाजला. वाचनालयातल्या एक सेविका भांडुपहून बोलत होत्या. आधी नेलेलं गोष्टींचं पुस्तक ऐकून झालं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. यापूर्वी त्यांचा फोन कधी आला नव्हता. त्याही दृष्टिहीन. मी रडतच सगळं सांगितलं.

"टेन्शन नका घेऊ हो ताई. दुसरं कार्ड आहे ना? लावून बघा."

गोष्टींचं कार्ड लावलं. तेही वाचता येईना.

"मग कार्डात नाही, ते घालायच्या खाचेत गडबड आहे. यंत्र ठेवता कुठे?"

"देव्हाऱ्यात. पोथीच ना ती!"

"आणि हळदकुंकू वाहता?"

"हो," मी पुटपुटले. रोज सकाळी चिमूटभर वाहत होते.

"वाटलंच! आमच्या आईनं पण हेच केलेलं. बंद करा आणि मऊ, कोरड्या ब्रशनं खाच झाडून घ्या. घरात डोळस कोणी आहे ना? त्यांना करू द्या, उगाच आत खुपसाल."

मी यंत्र पुढे केलं. "अहो, जरा बघता का?" एवढं म्हणायलाही जड गेलं.

ह्यांनी हलक्या हाताने खाच झाडली. "केवढं कुंकू गं! अक्षताही आहे एक."

इतक्या भक्तीने मीच पोथीचं तोंड बुजवलं होतं. लाज वाटली, हसूही आलं. कार्ड घातलं आणि राहिलेला अध्याय सुरू झाला. हे जायला निघाले, तेव्हा मीच म्हटलं, "बसा ना, ऐका."

त्या बाईंचा फोन नेमका तेव्हाच का आला, याचा मी काथ्याकूट करत नाही. त्यांचे आणि ह्यांचे उपकार मात्र विसरणार नाही. सगळं माझं मीच करीन, या हट्टात मी तीन वर्षं स्वतःलाच जाळत होते. पारायण सुरू केल्यापासून आरतीनंतर रोज मी देवाकडे डोळे परत मागायचे. त्या दिवशी हात जोडले आणि मागायचं राहूनच गेलं.