पंखाजवळची फट

पुट्टीचा वास आला की मला वडिलांच्या आजारपणातली एक दुपार आठवते. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती. मन रमावं म्हणून मी औरंगपुऱ्यातून विमानाच्या मॉडेलचे सुटे भाग आणून त्यांच्यासमोर जोडायला बसले. पंख काही केल्या नीट बसेना, नख जाईल एवढी फट राहिली. रंग देण्याआधी ती पुट्टीनं भरली आणि वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासू लागले. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "लई घासू नको, पंख झिजंल." शब्द जड होते, पण स्पष्ट होते. आई कणकेच्या हातानंच धावत आली. "काय म्हणाले गं?" मी सांगायच्या आत वडिलांनी तेच पुन्हा म्हटलं. आई मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. आता वडील माझ्या प्रत्येक कामात खोड काढतात, आणि मी खुशाल काढू देते.