स्क्रूवरची काळी खूण

वालावलच्या हरिश्चंद्र वालावलकरांना सगळा गाव भाई म्हणतो, आणि भाई सगळ्या गावाकडे संशयाने बघतात. यात गावाचा काही दोष नाही. बत्तीस वर्षं वीज खात्यात मीटर रीडर म्हणून काढलेला माणूस. घरोघरी जाऊन आधी मीटरचं सील बघायचं, मग आकडा, आणि सगळ्यात शेवटी घरमालकाचं तोंड, ही सवय हाडीमाशी खिळलेली. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, तेव्हा भाई दुसऱ्या गोष्टींना सील करू लागले. गॅसच्या शेगडीच्या बटणावर खडूची रेघ, लोणच्याच्या बरणीवर आतल्या खाराच्या पातळीची खूण. घरात दोनच माणसं, मग लोणच्यावर पाळत कोणासाठी, असं रुक्मिणीकाकींनी एकदा विचारलं होतं. त्या दिवसापासून भाईंनी ती खूण बरणीच्या मागच्या बाजूला करायला घेतली.

भाईंचा या जगात एकाच वस्तूवर विश्वास होता, तो म्हणजे त्यांची जुनी पांढरी गाडी. त्यातही खरा जीव होता गाडीच्या कारब्युरेटरवर. हवा आणि पेट्रोल मापाने मिसळून इंजिनाला पाजणारं ते मूठभर धातूचं भांडं म्हापशाच्या आंतोन मेस्त्रींनी वीस वर्षांपूर्वी जुळवून दिलं होतं. इंजिनाला कान लावायचा, बोटांनी फिरणारा बारका स्क्रू थोडा सैल करायचा, पुन्हा कान लावायचा, असं करत मेस्त्रींनी अर्धा दिवस घालवला आणि शेवटी भाईंना बजावलं की आता याला कोणाचा हात लागू देऊ नका. मेस्त्री पुढे वारले. भाईंना ते वाक्य तेवढं पुरलं. त्यांनी परसातली ओली काजूबी फोडली, तिच्या टरफलातला चीक काडीवर घेतला आणि स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत एक काळी रेघ ओढली. रेघ सलग दिसली म्हणजे सील शाबूत.

सगळं ठीक चाललं होतं. मग रुक्मिणीकाकींच्या किडन्या थकल्या आणि दर सोमवारी आणि गुरुवारी ओरोसला डायलिसिससाठी जाणं सुरू झालं. रिक्षावाले वाट वाढवतात आणि एसटी वेळेचं सोंग करते, असं भाईंचं ठाम मत असल्यामुळे जायचं ते आपल्याच गाडीने. आणि नेमकी तेव्हापासून गाडी दगा देऊ लागली. गतिरोधकापाशी वेग कमी केला की इंजिन आचका देऊन बंद. चढणीच्या पायथ्याशी बंद. एका गुरुवारी तर कुडाळच्या अलीकडे अशी रुसली की मेकॅनिकला बोलवावं लागलं आणि ओरोसला पोचायला दीड तास उशीर झाला. पुढच्या पेशंटची पाळी ठरलेली होती, तेव्हा काकींना मशीनवर निम्माच वेळ मिळाला. त्या रात्री त्यांना आडवं पडून श्वास घेता येईना. भाई उशाशी बसून राहिले. ते घाबरले होते, पण कोणावर संशय घ्यावा तेच त्यांना कळत नव्हतं.

सकाळ होईपर्यंत कळलं. निलेशवर.

निलेश म्हणजे पिंगुळीच्या रस्त्यावरचा मेकॅनिक. हाताला गुण असलेला, बोलायला कमी. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हाच त्याने तपासून सांगितलं होतं की हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, जुन्या मापाने ते इंजिनाला अपुरं पडतं. स्क्रू अर्धा फेरा सैल केला की झालं. त्याने तो केलाही, आणि गाडी मांजरासारखी गुरगुरू लागली. भाईंनी घरी आणून बॉनेट उघडलं, तर काळी रेघ तुटलेली. सील फोडलं की चोरी, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा कायदा. त्यांनी स्क्रू फिरवून रेघ परत जुळवली आणि मगच जेवायला बसले.

असं चार वेळा झालं. निलेश सैल करायचा, भाई घरी येऊन जागेवर आणायचे, आणि गाडी चढणीपाशी मान टाकायची. प्रत्येक वेळी भाईंची खात्री वाढत गेली की हा पोरगा मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवतो. पाचव्या वेळी निलेशने वेगळंच काढलं. याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचं, फ्युएल इंजेक्शनचं इंजिन वैभववाडीला एका अपघाताच्या गाडीतून निघालं आहे, ते बसवू. कागदपत्रंही रीतसर करून घेऊ. त्यात कारब्युरेटरच नाही; किती हवा आत आली ते कॉम्प्युटर बघतो आणि तेवढं पेट्रोल फवारतो.

भाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याला आंतोन मेस्त्रींचा कारब्युरेटर हवा आहे. शिवाय तो कॉम्प्युटरचा डबा. ज्याचं झाकण उघडत नाही, ज्यात फिरणारं काही दिसत नाही, त्याच्यावर विसंबायचं कसं? मीटरला निदान काच तरी असते. ते निलेशला म्हणाले, विचार करून सांगतो. भाईंच्या भाषेत याचा अर्थ, आता तुला पकडतो.

काजूचा हंगाम होता. बुधवारी सकाळी भाईंनी चार ओल्या बिया फोडल्या आणि रेघ तेवढी सोडून त्या स्क्रूच्या डोक्याला सगळीकडून चीक चोपडला. काजूचा चीक कातडीला लागला की एखाद्या दिवसात बोट काळं पडतं, फोड येतात, साल निघते. कोकणात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग गाडी निलेशकडे नेली आणि निक्षून सांगितलं की नुसते प्लग साफ कर, स्क्रूला हात लावू नकोस. संध्याकाळी गाडी परत आणली. रेघ जागेवर होती. भाई थोडे हिरमुसलेच.

गुरुवारी गाडी ओरोसला गेली आणि आली. एकदाही बंद पडली नाही. गतिरोधकावर नाही, चढणीवर नाही. काकी पूर्ण वेळ मशीनवर राहिल्या, परतीच्या वाटेवर त्यांनी खिडकीला डोकं टेकून चक्क डुलकी काढली. दुसऱ्या कोणी देवाला हात जोडले असते. भाईंना मात्र घाम फुटला. गाडी इतकी सरळ का वागते आहे? घरी येताच त्यांनी बॉनेट उघडलं. रेघ अर्धा फेरा सरकलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निलेशच्या दारात हजर.

"हात दाखय," भाई म्हणाले.

निलेशने पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि दोन्ही पंजे पुढे केले. ऑईलने माखलेले, पण धड. एक फोड नाही. बुधवारी बॉनेटखाली आलेला चिकाचा वास, हंगाम आणि भाईंचं तोंड यांचा त्याने मेळ घातला असावा, कारण त्याचा चेहरा उतरला. "भाई, घराक जावा," तो म्हणाला. "काकीचे हात बघा."

भाई घरी आले तेव्हा काकी ओट्यापाशी डाव्या हाताने घावणे उलटत होत्या. उजवा हात पदरात. भाईंनी तो बाहेर ओढला. अंगठा आणि दोन बोटं काळीनिळी, टचटचीत फोड आलेली, एका ठिकाणी साल सुटलेली. आधीच औषधांनी कागदासारखी झालेली कातडी.

भाईंनी एवढंच विचारलं, की कशाला.

"माका ओरोसाक येळेर पोचाचा होता," काकी म्हणाल्या. "तुमी न्हाणयेत गेल्यार मी फिरवलंय. निलेशान माका दाखवलेलो कितको फिरवचो तो."

मग त्या सावकाश सगळं सांगत गेल्या. गाडी बंद पडली त्या गुरुवारी भाई पाणी आणायला गेले होते, तेव्हाच निलेशने काकींना सांगितलं होतं की कारब्युरेटरमध्ये काही दोष नाही, भाई घरी जाऊन स्क्रू मागे फिरवतात. भाईंना सांगितलं तर ते माझ्यावरच उलटतील, असंही तो म्हणाला होता. इंजेक्शन त्याने सुचवलं ते त्याचमुळे, त्यात फिरवायला भाईंना स्क्रू नाही म्हणून. हे सांगताना काकींच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर भाईंना बरं वाटलं असतं. कोणीतरी सील फोडतंय म्हणून ते इतके दिवस पहारा देत होते, आणि चोर रोज त्यांच्याच चपला घालून फिरत होता. भाईंनी खोबरेल तेलाची वाटी आणली आणि एकेका बोटाला हलकेच लावत राहिले. घावणा तव्यावर करपला.

दुपारी ते पुन्हा पिंगुळीला गेले. निलेशने काकींची चौकशी केली आणि म्हणाला की आता गाडी छान चालते आहे, स्क्रू आहे तिथे राहू द्या, इंजिन बदलायची काही गरज नाही.

भाईंनी बॉनेट वर केलं. आत्ताही त्यांची बोटं त्या तुटलेल्या रेघेकडे ओढ घेत होती, हे त्यांना स्पष्ट कळत होतं. रेघ जुळवली की किती बरं वाटेल, हेही.

"नको," ते म्हणाले. "ह्यो ऱ्हवलो तर मी परत फिरवतलंय. माका मी वळखतंय. तां वैभववाडीचा इंजिन आण."

निलेशने मान हलवली. भाई रस्त्यापर्यंत गेले, थांबले आणि परत फिरले. काढलेला कारब्युरेटर आपल्या डोळ्यांदेखत पिशवीत घालायचा, असं त्यांनी निलेशला बजावलं. मग जरा घुटमळले आणि ती पिशवी आपल्या हातात न देता रुक्मिणीकडे द्यायला सांगितली.